एकाच ब्राउझरच्या भरवशावर राहू नका

भाचीचा प्रवेशअर्ज मी फायरफॉक्समध्ये भरत होतो. गुण, दाखले, फोटो सगळं नीट अपलोड झालं. शुल्काच्या पानावर मात्र ‘पुढे जा’ हे बटण दाबून दाबून काही होईना. काय चुकलं तेही दाखवेना. हेल्पलाइनला फोन लावला, तर उत्तर मिळालं, “सर, क्रोममधून भरा.” क्रोममध्ये अर्ज झटकन पुढे गेला, पण निम्मी माहिती नव्याने भरावी लागली आणि मुदत त्याच रात्री संपत होती.

प्रत्येक ब्राउझरच्या आत पान मांडणारं इंजिन असतं. क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. एज, ऑपेरा, ब्रेव्हही ब्लिंकवरच चालतात. म्हणून साइट बनवणारे बरेचदा क्रोमवर तपासून मोकळे होतात. काही साइट्स तर ब्राउझरचं नुसतं नाव बघून नकार देतात. त्यापायी २०१९ च्या अखेरीस विवाल्डी या ब्राउझरने बहुतेक साइट्सना स्वतःची ओळख क्रोम अशी सांगायला सुरुवात केली. एकाच ब्राउझरपुरतं बांधण्याची किंमत आपण आधीही मोजली आहे: २०२२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त झाला, तरी त्याच्यावर अडकलेल्या साइट्ससाठी एजमध्ये वेगळा ‘आयई मोड’ ठेवावा लागला.

म्हणून सांगतो, दोन वेगळ्या इंजिनांचे ब्राउझर जवळ ठेवा. क्रोमच्या जोडीला एज असून भागत नाही, फायरफॉक्स हवा. आपल्याकडे आयफोनवरचा क्रोमही आतून वेबकिटच असतो. तिथे अडलात तर संगणक गाठा. बटण चालेना, तर आधी जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद करून बघा. मोठा अर्ज टप्प्याटप्प्याने सेव्ह करा. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्या ब्राउझरमधून पुन्हा भरू नका. आधी बँकेचा मेसेज आणि अर्जाची स्थिती तपासा.

आणि काम झालं म्हणून गप्प बसू नका. ब्राउझरचं नाव, आवृत्ती आणि स्क्रीनशॉट जोडून संबंधित कार्यालयाला ईमेल करा. फायरफॉक्सच्या मेनूत तर बिघडलेल्या साइटची तक्रार नोंदवायची सोयच आहे. प्रवेश, दाखले, पेन्शन ही कामं आता बरेचदा ऑनलाइनच करावी लागतात. ती कुठल्याही चालू ब्राउझरमधून व्हायलाच हवीत, आणि हे मागणं आपल्या हक्काचं आहे.