निघण्याआधी तिथी बघा

एडवणच्या किनाऱ्यावर रुतलेल्या ज्या मोटारसायकली आम्ही गावकऱ्यांनी आजवर ओढून काढल्या, त्यांतली एकही वेगापायी रुतली नव्हती. भरती किती वाजता, हे कुणी विचारलंच नव्हतं.

पूर्वी मुंबईची पोरं महामार्गावरून वरईला वळून, तांदुळवाडीचा घाट ओलांडून सफाळ्यामार्गे यायची. २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला रो-रो सुरू झाली. मोठा वळसा वाचला आणि रविवारी आमच्या गल्लीबोळांत गाड्यांची वर्दळ वाढली. येऊ देत, तक्रार नाही. आशापुरीचं दर्शन घ्या, दातिवऱ्यापर्यंत जा. फक्त गाडी वाळूत घालू नका.

एका पौर्णिमेच्या रविवारचं सांगतो. वसईकडची पोरं साडेसातला आली. समुद्र लांब गेलेला, ओली वाळू डांबरासारखी टणक दिसत होती. गाड्या थेट पाण्याजवळ नेल्या, स्टँडखाली चपटे दगड ठेवले, डबे उघडले. मी वाडीतून निघालो होतो. म्हटलं, "पोरांनो, आज तिथी कोणती?"

"काका, आम्ही काय पंचांग बघून फिरतो होय!" एकजण हसला.

बघायला हवं होतं. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या आसपास. दिवसा तशीच रात्री. रोज पाऊण-एक तास पुढे सरकायचं. थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ मोबाईलवर मिळते. पण हिशोब डोक्यात असला की किनाऱ्यावर उभं राहून अंदाज येतो. पौर्णिमेला बाराला भरती म्हणजे सहाला पूर्ण ओहोटी. पहाटे निघालेला माणूस पोचतो तेव्हा किनारा सगळ्यात रुंद असतो आणि तीच फसगत. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र एकूण चढणाऱ्या पाण्यातलं निम्मं पाणी चढतं. म्हणजे आठ ते दहा, ऐन नाश्त्याची वेळ! त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण. अष्टमीच्या भांगाला पाणी एवढं वर येत नाही.

शिवाय पाणी समोरूनच येईल असं शहरातल्या माणसाला वाटतं. सपाट किनाऱ्यावर ते आधी पाठीमागच्या खोलगट भागात भरतं. पोरांना कळलं तेव्हा परतीच्या वाटेवर गुडघाभर पाणी होतं. घाबरून रेस दिली, मागचं चाक आसापर्यंत खाली गेलं.

अशा वेळी इंजिन बंद करायचं. गाडी आडवी पाडायची, चाकाच्या खड्ड्यात वाळू लोटायची, मग उभी करून चाकाखाली नारळाच्या झावळ्या घालायच्या आणि सगळ्यांनी मिळून ढकलायची. टायरची हवा थोडी कमी केली तर पकड येते. बाकीच्या गाड्या तशाच निघाल्या. एक मात्र पाण्याखाली गेली ती संध्याकाळच्या ओहोटीलाच दिसली. मालक तिच्यामागे पाण्यात शिरत होता, त्याला दोघांनी धरून ठेवला. मार्च २०२२ मध्ये शेजारच्या केळव्याला चार मुलं बुडाली. तेव्हापासून आम्ही या बाबतीत पाहुण्यांशी गोड बोलत बसत नाही.

बुडालेल्या गाडीचं सेल्फ मारून बघायचा मोह होतो, तो टाळा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. टेम्पोत घालून मेकॅनिककडे न्या.

आणखी एक. पहाटे उतरवलेली ताडी गोडसर लागते, पण ऊन चढेल तशी ती मडक्यातच आंबत जाते. अकराला प्यायलेला ग्लास हा सकाळचा ग्लास नव्हे. परतताना तांदुळवाडीच्या घाटात वळणं आहेत, आणि मागे बसलेल्यालाही हेल्मेट कायद्यानेच लागतं. रो-रोने जाणार असाल तर शेवटची फेरी किती वाजता हे येतानाच विचारून ठेवा, म्हणजे जलसारपर्यंत गाडी पळवावी लागणार नाही.

गाडीला नुसतं खारं पाणी उडालं असेल तरी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला तेल द्या, नाहीतर आठवड्यात गंज धरतो. पावसाळ्यानंतर आमच्या विहिरीवर या, बादली-दोर देतो. एप्रिल-मेमध्ये मात्र मागू नका. तेव्हा ते पाणी वाडीलाच पुरत नाही. सफाळ्यात पैसे देऊन धुऊन घ्या.