बिनतारी छपाई : फोनपासून कागदापर्यंत



छपाईची कला आपल्या गोव्यास नवी नाही. इ. स. १५५६ मध्ये गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात छापखाना सुरू झाला. भारतातील खिळ्यांच्या छपाईचा आरंभ तेथूनच मानला जातो. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे छापून निघाले. ग्रंथ मराठी, रचना ओवीबद्ध. परंतु देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापला गेला. आज तीच देवनागरी हातातील फोनवरून, कोणत्याही तारेवाचून, घरच्या कागदावर उमटू शकते.

असे असूनही, घरी प्रिंटर असलेली पुष्कळ कुटुंबे अजून दुकानाकडे धाव घेतात. शाळेचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पासबुक यांची चित्रे दुकानदाराच्या फोनवर पाठवली जातात. छापलेला कागद आपल्याबरोबर घरी येतो. चित्र मात्र तेथेच राहते. घरचा कागद घरातच राहावा, एवढ्यासाठी तरी ही विद्या प्रत्येकाने शिकावी, असे आम्हांस वाटते. बटणांचा क्रम पाठ करून मात्र ती येत नाही. फोन बदलला की बटणे बदलतात; त्यामागील कारण बदलत नाही. म्हणून आपण प्रथम कारण पाहू.

घरातील वाय-फायच्या राउटरला जोडलेली सर्व साधने जणू एकाच ओसरीवर बसलेली असतात. आपण फोनला छापण्याची आज्ञा देतो, तेव्हा फोन त्या ओसरीवर हाक घालतो, “येथे छापणारा कोणी आहे काय?” प्रिंटर तेथे असेल, तर तो ओ देतो आणि आपले नाव, कागदाचा आकार, रंगीत छपाईची सोय इत्यादी माहिती कळवतो. ही हाक सहसा त्या ओसरीबाहेर जात नाही. फोन एका जाळ्यावर आणि प्रिंटर दुसऱ्या जाळ्यावर असला, तर दोघे एकाच मेजावर शेजारी ठेवूनही त्यांची भेट होत नाही. बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आढळते.

भाषेचा प्रश्नही होताच. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या प्रिंटरसाठी निराळी आज्ञावली लागे. २०१० मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनसाठी ‘एअरप्रिंट’ ही पद्धत आणली. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स या कंपन्यांनी ‘मोप्रिया’ नावाचा संघ स्थापून समान नियम ठरवण्याचे काम हाती घेतले. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून या नियमांनी चालणारी छपाई फोनमध्येच अंतर्भूत झाली. याउलट गूगलची ‘क्लाउड प्रिंट’ ही सेवा ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली. म्हणून जुन्या माहितीपत्रकात तिचे नाव आढळल्यास तो मार्ग सोडून द्यावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम प्रिंटर घरच्या वाय-फायला जोडावा. त्याला पडदा असेल, तर त्यावर वाय-फायचे नाव निवडून पासवर्ड लिहावा. पडदा नसेल, तर कंपनीचे ॲप फोनमध्ये घ्यावे. ते प्रिंटरला नाव व पासवर्ड पोहोचवते. राउटर आणि प्रिंटर या दोहोंवर ‘डब्ल्यूपीएस’ बटण असल्यास प्रथम राउटरवरचे व नंतर दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचे बटण दाबूनही जोडणी होते. त्यानंतर फोन त्याच वाय-फायवर आणावा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटिंग’ शोधून छपाईची सेवा चालू आहे ना, हे पाहावे. आयफोनमध्ये निराळी सेवा चालू करावी लागत नाही; प्रिंटर एअरप्रिंट जाणणारा असला म्हणजे झाले. शेवटी हवा तो कागद फोनवर उघडून ‘शेअर’ किंवा तीन ठिपक्यांच्या यादीतून ‘प्रिंट’ निवडावे.

येथे घाई करू नये. कागदाचा आकार ‘ए४’ आहे ना, हे पाहावे. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो. अमेरिकेतील ‘लेटर’ कागद २१६ × २७९ मिलिमीटर, म्हणजे १८ मिलिमीटर आखूड. चुकीचा आकार निवडल्यास अर्जाची कड कापली जाते. मराठी मजकूर शक्यतो पीडीएफ करून मगच छापावा. पीडीएफमध्ये सामान्यतः अक्षरांची वळणेही सोबत जातात. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर जोडाक्षरे फुटत नाहीत.

प्रिंटर दिसेनासा झाला, तर क्रमाने तपास करावा. फोन मोबाइल डेटावर किंवा राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या जाळ्यावर तर नाही? व्हीपीएन चालू आहे काय? पुष्कळ प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतात. त्यांना ५ गिगाहर्ट्‌झचे नाव दिसतच नाही. एवढे पाहूनही उपयोग न झाल्यास राउटर, प्रिंटर आणि फोन याच क्रमाने बंद करून पुन्हा चालू करावेत. घरी राउटरच नसेल, तर ‘वाय-फाय डायरेक्ट’ची सोय असलेला प्रिंटर स्वतःच एक छोटे जाळे उभारतो, फोन थेट त्यास जोडता येतो.

एक सूचना पालकांसही करावीशी वाटते. प्रिंटरला कारखान्यातून मिळालेला पासवर्ड बदलावा, आणि वाय-फायचा पासवर्ड येणाऱ्या-जाणाऱ्यास देऊ नये. त्यांच्यासाठी पाहुण्यांचे जाळे असते. नाहीतर कागद घरात ठेवण्याचा हेतूच निष्फळ होईल.

अभ्यासासाठी प्रश्न :
१. फोन आणि प्रिंटर एकाच जाळ्यावर असणे का आवश्यक आहे, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. ए४ आणि लेटर या कागदांच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर काढून तुलना करा.
३. घरातील वडील माणसांपैकी एकास ही कृती शिकवा. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर देता आले नाही, तो वहीत लिहून वर्गात आणा.