मरियाभक्ती : नेहमीचे प्रश्न आणि मराठी शब्दांचा पेच

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती वाङ्मय वाचताना एक फरक तुमच्या ध्यानात येईल. फादर थॉमस स्टीफन्स हे कॅथलिक पंथाचे जेज्विट धर्मगुरू होते. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त येशूच्या आईला, मरियेला, मानाचे स्थान आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक हे प्रॉटेस्टंट पंथाचे. त्या पंथात मरियेविषयी आदर असला, तरी तिच्याकडे प्रार्थना करण्याची प्रथा नाही. एकाच धर्मातील दोन पंथांत हा भेद का पडला, हे ठाऊक नसेल तर दोन्ही प्रवाहांतील साहित्याचे आकलन अपुरे राहते.

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे. समजा, तुम्ही पनवेल तालुक्यातील ओवे गावात राहता आणि तुमच्या घरातून चैत्रात कार्ल्याच्या एकविरा आईच्या यात्रेला जाण्याची रीत आहे. सप्टेंबरात तुम्ही वांद्र्याच्या जत्रेला गेलात, तर तेथेही 'आई', 'माउली', 'नवस' हेच शब्द कानी पडतील. तेव्हा मरिया ही ख्रिस्ती लोकांची देवी असावी, असा समज होणे अगदी स्वाभाविक आहे. कॅथलिक शिकवणुकीला मात्र तो मान्य नाही.

कॅथलिक लोक मरियेची पूजा करतात काय?

मराठीत 'पूजा' हा शब्द फार ऐसपैस आहे. आपण देवाची पूजा करतो, तशी दसऱ्याला शस्त्रांची, दिवाळीत वह्यांची आणि गुरुपौर्णिमेला गुरूचीही करतो. ख्रिस्ती धर्मशास्त्राने येथे जुन्या ग्रीक शब्दांच्या आधारे तीन पायऱ्या केल्या आहेत. 'लात्रिया' म्हणजे केवळ परमेश्वरालाच वाहायची आराधना. 'दुलिया' म्हणजे संतांना द्यायचा आदर. मरियेला द्यायचा विशेष आदर तो 'हायपरदुलिया'. तिसरी पायरी दुसरीपेक्षा उंच असली, तरी पहिलीपासून ती सर्वस्वी वेगळी आहे. मूर्तींविषयीचा निर्णय इ. स. ७८७ मधील निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेत झाला. प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याला पोहोचतो आणि खरी आराधना फक्त ईश्वराची, असे त्या परिषदेने ठरविले. म्हणून कॅथलिक मराठी लेखनात मरियेच्या संदर्भात 'पूजा' हा शब्द टाळून 'वंदना', 'सन्मान' किंवा 'भक्ती' असे शब्द योजणे अधिक नेमके ठरते.

'देवाची आई' हे बिरुद कसे आले?

हा प्रश्न मुळात मरियेविषयीचा नसून येशूविषयीचा आहे. मरियेच्या पोटी जन्मला तो केवळ माणूस होता की देवही, असा वाद पाचव्या शतकात पेटला. कॉन्स्टँटिनोपलचे धर्माध्यक्ष नेस्तोरियस यांना तिला 'ख्रिस्ताची आई' म्हणणे पुरेसे वाटे. इ. स. ४३१ मधील इफिससच्या परिषदेने 'देवाला जन्म देणारी' या अर्थाचे 'थिओतोकोस' हे ग्रीक बिरुद कायम केले. आदिमायेसारखी ती देवाच्याही आधीची, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मराठीत 'देवमाता' हा सामासिक शब्द वाचताना अदितीची आठवण होते आणि गल्लत होते.

थेट देवाकडे का मागत नाहीत?

प्रॉटेस्टंट पंथीयांचा मुख्य आक्षेप हाच आहे. देव आणि मानव यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:५) स्पष्ट म्हटले आहे. कॅथलिक उत्तर असे, की मरियेकडे मागायचे ते एवढेच, की तू आमच्यासाठी प्रार्थना कर. जपमाळेत पुन्हापुन्हा म्हटल्या जाणाऱ्या 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातील अभिवादनांवरून घेतला आहे आणि उत्तरार्धात हीच विनंती आहे. शेजाऱ्याला आपण 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणतो, तसेच हे. फरक इतकाच, की ही शेजारीण स्वर्गात आहे.

यासाठी योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावच्या लग्नाचा (अध्याय २) दाखला दिला जातो. लग्नघरी द्राक्षारस संपतो. मरिया ती उणीव येशूच्या कानी घालते आणि तो सांगेल तसे करा, असे नोकरांना सांगून बाजूला होते. चमत्कार ती करीत नाही. पंगतीत ऐनवेळी पदार्थ कमी पडला तर यजमानाची काय अवस्था होते, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

दोन सिद्धांत, एक गैरसमज

१८५४ साली पोप नववे पायस यांनी जाहीर केलेला 'निष्कलंक गर्भसंभव' हा सिद्धांत येशूच्या कुमारिकेपासून झालेल्या जन्माविषयी आहे, असे पुष्कळांना वाटते. तो खुद्द मरियेविषयी आहे : आपल्या आईच्या उदरात आल्या क्षणापासून ती आदिपापापासून मुक्त होती, असे तो सांगतो. दुसरा सिद्धांत, मरियेच्या सदेह स्वर्गारोहणाचा, १९५० साली जाहीर झाला. त्याचा सण १५ ऑगस्टला येतो. 'सदेह' हा शब्द वाचून तुकोबांचे स्मरण होईल. तुलना जरूर करा, पण दोन्ही परंपरांत देहाचा विचार निरनिराळा आहे हे विसरू नका.

मार्कच्या शुभवर्तमानात (६:३) येशूच्या भावांचा उल्लेख आहे. कॅथलिक परंपरा त्यांना जवळचे नातलग मानते. आपल्याकडेही चुलत-मावस सारे 'भाऊ'च असतात. परंतु ग्रीकमध्ये चुलतभावासाठी वेगळा शब्द होता, या प्रॉटेस्टंट युक्तिवादातही वजन आहे.

वांद्र्याची मोत माउली

ओवे-खारघरकडून हार्बर मार्गाने निघून वडाळ्याला गाडी बदलली की वांद्रे गाठता येते. तेथील टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चची सध्याची वास्तू १९०४ मधील आहे. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबर. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. कोळी समाज या मरियेला 'मोत माउली' म्हणतो. 'मोत' हे टेकडी या अर्थाच्या 'मोन्त' या पोर्तुगीज शब्दाचे रूप मानले जाते. बाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत मिळते. जे दुखते किंवा जे हवे असते, त्याचा आकार भाविक वाहतात. त्यांत हिंदू, मुस्लिम, पारशीही असतात.

येथे वरच्या तीन पायऱ्या शिल्लक राहतात काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, बाळासाठी मेणाचे बाळ वाहणारी स्त्री लात्रिया आणि दुलिया यांचा हिशेब करीत नाही, आणि म्हणून तिची श्रद्धा हिणकस ठरत नाही. चर्चलाही हा पेच ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मरियेविषयी स्वतंत्र दस्तऐवज असावा की चर्चविषयक दस्तऐवजातच तिचे प्रकरण असावे, यावर २९ ऑक्टोबर १९६३ रोजी मतदान झाले. १,११४ विरुद्ध १,०७४ मतांनी दुसरा पर्याय स्वीकारला गेला. पुढील वर्षी संमत झालेल्या त्या प्रकरणात मरियेविषयी अतिशयोक्ती करू नये, तसाच कोतेपणाही करू नये, असे बजावले आहे.

'ख्रिस्तपुराणा'कडे परत

१५७९ साली गोव्यात आलेल्या स्टीफन्सना हाच पेच कवी म्हणून सोडवावा लागला. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या त्यांच्या ग्रंथाचा श्रोता नुकताच ख्रिस्ती झालेला होता आणि त्याच्या कानांत जुनी पुराणे घुमत होती. स्टीफन्सनी ओवी घेतली, 'पुराण' हे नाव घेतले, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्दही घेतला. शब्द ओळखीचा ठेवावा, तर जुना अर्थ सोबत येतो. परका आणावा, तर ओवी अडखळते. मरियेविषयीच्या ओव्या वाचताना त्यांनी कोठे कोणता मार्ग पत्करला, याकडे लक्ष ठेवा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'पूजा', 'वंदना' आणि 'आराधना' हे शब्द तुमच्या घरात व गावात कोणकोणत्या संदर्भांत वापरले जातात? त्यांची लात्रिया व दुलिया या संज्ञांशी तुलना करा.

२. काना येथील लग्नाचा प्रसंग मराठी बायबलमध्ये वाचा आणि 'ख्रिस्तपुराणा'तील त्याच प्रसंगाशी ताडून मरियेच्या चित्रणातील फरक सुमारे २०० शब्दांत लिहा.