पहिल्या जीपीएस यंत्राची निवड

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे दक्षिण-आग्नेय दिशेने एक सरळ रस्ता जातो. पूर्वी त्यास कर्झन रोड म्हणत. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग या नावाने ओळखला जातो. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे राजधानीस येणाऱ्या पुष्कळ महाराष्ट्रीयांच्या तो पायाखालचा आहे. रानावनात वाट दाखविणाऱ्या यंत्राची चर्चा शहरातील रस्त्यापासून आरंभावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु या रस्त्याच्या दोन टोकांत एक मोठा भेद आहे. कॅनॉट प्लेसच्या बाजूस दुतर्फा बहुमजली इमारती असल्यामुळे डोक्यावर आकाशाची एक पट्टीच काय ती दिसते. इंडिया गेटच्या बाजूस हिरवळीवर आकाश चहूकडे मोकळे असते. हातात धरावयाच्या जीपीएस यंत्राचे गुणदोष या एका भेदावरून जितके कळतात, तितके वेष्टनावरील जाहिरातीवरून कळत नाहीत.

१. यंत्र काय ऐकते?

जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली उपग्रहमाला होय. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ साली ती पूर्णत्वास गेली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निदान चोवीस उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असून तो आपले स्थान व नेमकी वेळ बिनतारी लहरींवर सतत कळवीत असतो. हातातील यंत्र काहीही पाठवीत नाही. ते केवळ ऐकते. म्हणून त्यास ग्राही असे म्हणतात.

लहर उपग्रहावरून निघाली केव्हा व पोहोचली केव्हा, यांतील अंतरास प्रकाशाच्या वेगाने गुणिले की उपग्रह किती दूर आहे ते कळते. उपग्रह थेट डोक्यावर असल्यास हा प्रवास सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात पुरा होतो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळे कालमापनात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक पडते. ग्राहीतील साधे घड्याळ इतके अचूक नसते. यास्तव अक्षांश, रेखांश व उंची यांच्या जोडीस आपल्या घड्याळाची चूक हीही चौथी अज्ञात राशी धरून ते गणित सोडविते. आणि चार अज्ञात राशींसाठी निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात.

सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संदेशात अमेरिका पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. ही प्रथा मे २००० मध्ये बंद झाली. आज मोकळ्या आकाशाखाली चांगला हातग्राही पाच मीटरांच्या आतबाहेर स्थान सांगतो. उंचीतील चूक मात्र याहून बरीच अधिक असते.

२. रस्त्यावरील परीक्षा

हे संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेले असतात. ढग, पाऊस व धुके यांतून ते सहज पार होतात. परंतु खडक व काँक्रीट यांतून होत नाहीत. दाट पालवीखालीही ते मंदावतात. शिवाय उंच भिंतींवर आपटून परावर्तित झालेली लहर वळणाने आल्यामुळे उशिरा पोहोचते, आणि ग्राहीस उपग्रह आहे त्याहून दूर असल्याचा भास होतो.

कस्तुरबा गांधी मार्गावर हे प्रत्यक्ष पाहता येते. यंत्रात चाललेल्या वाटेची नोंद ठेवण्याची सोय असते; तिला येथे मागोवा म्हणू. सकाळी वर्दळ सुरू होण्यापूर्वी मागोवा चालू करून एकाच पदपथाने कॅनॉट प्लेसच्या टोकापासून इंडिया गेटच्या हिरवळीपर्यंत जावे व त्याच पदपथाने परतावे. रस्ता सरळ असल्यामुळे तो पट्टीसारखा उपयोगी पडतो. नोंदलेली रेषा जेथे वाकडी होते, तेथे चालणारा वाकडा गेलेला नसून यंत्र चुकलेले असते. जाण्याची व येण्याची रेषा हिरवळीजवळ जवळजवळ एक होतील. उंच इमारतींपाशी त्या एकमेकींपासून फाकतील.

त्यातही एक विशेष दिसून येईल. दोन्ही बाजूंस भिंती असल्या की रस्त्याच्या पुढचे व मागचे उपग्रह ऐकू येतात, बाजूचे येत नाहीत. त्यामुळे रस्त्याच्या लांबीत यंत्र फारसे चुकत नाही; रुंदीत मात्र चुकते. सह्याद्रीतील अरुंद घळीत वा नाळेत हीच गोष्ट घडते. तेथे इमारतींच्या जागी कातळ असतो, इतकेच.

दुकानाच्या छताखाली अशी परीक्षा होऊ शकत नाही. म्हणून शक्य तर परिचिताचे यंत्र मागून घेऊन, अथवा परत करण्याची मुदत विचारून घेऊन, आपल्या गावातील अशाच एखाद्या सरळ व परिचित रस्त्यावर ते पारखावे.

३. निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी ऐकण्याची. केवळ जीपीएस ऐकणाऱ्या यंत्रापेक्षा रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बायडू यांपैकीही काही ऐकणारे यंत्र अरुंद दरीत सरस ठरते. कारण आकाशाच्या त्याच पट्टीत त्यास अधिक उपग्रह सापडतात. दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकणारी यंत्रे परावर्तनाची चूक अधिक चांगली ओळखतात. परंतु ती महाग असतात व वीजही अधिक खातात. भारताची स्वतःची नाविक ही प्रणाली २०१३ ते २०१६ या काळात सोडलेल्या सात उपग्रहांवर उभी राहिली. २०२३ साली सोडलेल्या नव्या पिढीच्या पहिल्या उपग्रहापासून ती जीपीएसच्या परिचित लहरीवरही संदेश देऊ लागली. यंत्र नाविक ऐकत असल्यास तो अधिक गुण समजावा. परंतु कोणत्याही एकाच मालेवर सर्वस्वी विसंबणे बरे नव्हे.

दुसरी कसोटी विजेची. काही यंत्रांत पेन्सिल सेल घालावे लागतात. काहींत आतील बॅटरी भारित करावी लागते. आडगावच्या किराणा दुकानातही पेन्सिल सेल मिळतो. बॅटरी भारित करण्यास मात्र वीज हवी. वेष्टनावरील तासांचा आकडा अनुकूल परिस्थितीतील असतो. पडद्याचा दिवा प्रखर ठेवला व सर्व सोयी चालू ठेवल्या, तर तो बराच घटतो. दोन दिवसांच्या पदभ्रमणात रोज नऊ तास चालावयाचे असेल, तर अठरा तासांची गरज आहे. अशा वेळी वीस तासांचा आकडा पुरेसा न मानता सेलांचा एक जादा संच बरोबर ठेवावा.

तिसरी कसोटी हाताची. भिजलेल्या बोटांनी स्पर्शाचा पडदा नीट चालत नाही. पडद्यावर पडणारे पावसाचे थेंबही त्यास गोंधळात टाकतात. पावसाळी भटकंतीसाठी दाबावयाच्या कळा असलेले यंत्र अधिक भरवशाचे. पडदा भर उन्हात वाचता आला पाहिजे. आयपीएक्स-७ अशी खूण असलेले यंत्र एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी टिकावे, अशी अपेक्षा असते.

चौथी कसोटी दिशा व उंची यांची. ज्यात चुंबकीय होकायंत्र नाही, असा ग्राही चालत असतानाच दिशा सांगू शकतो. उभे राहताच त्यास आपले तोंड कोणीकडे आहे हे कळत नाही. वाट चुकलेला मनुष्य मात्र बहुधा उभाच असतो. म्हणून आत होकायंत्र असलेले यंत्र घ्यावे. निदान साधे होकायंत्र तरी खिशात ठेवावे. हवेच्या दाबावरून उंची मोजण्याची सोय उपयुक्त खरी, परंतु हवामान बदलले की दाबही बदलतो. म्हणून ज्ञात उंचीच्या ठिकाणी ती जुळवून घ्यावी लागते. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावर पोहोचल्यावर यंत्र काय दाखविते, हे पाहणे हा त्याचा उत्तम पाठ आहे.

मग खिशातील मोबाईल काय वाईट, असा प्रश्न साहजिक आहे. स्थान जाणण्यास मोबाईलला मनोऱ्याची गरज नसते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल, तर रेंज नसतानाही तो काम देतो. मात्र पावसात तो हाताळणे कठीण जाते, आणि संकटसमयी बोलण्यासाठी राखावयाची वीज नकाशा पाहण्यात सरून जाते. दोहोंची कामे निराळी ठेवावी, हे उत्तम.

४. आकडे व नकाशे

यंत्र उत्तम असूनही आकडा वाचण्यात चूक झाली तर सर्व श्रम फुकट जातात. इंडिया गेटचे स्थान २८ अंश ३६ कला ४६ विकला उत्तर व ७७ अंश १३ कला ४६ विकला पूर्व असे आहे. दशांश पद्धतीत तेच २८.६१२८ व ७७.२२९४ असे लिहितात. कोणी कला-विकलांचे आकडे दशांशचिन्हापुढे तसेच मांडून २८.३६४६ व ७७.१३४६ असे यंत्रात भरले, तर यंत्र त्यास सुमारे २९ किलोमीटर दूर, हरियाणात नेईल. यंत्राचा यात काहीच दोष नाही.

दुसरी चूक याहून सूक्ष्म असते. पृथ्वीच्या आकाराचे कोणते मान धरून अक्षांश-रेखांश मोजावयाचे, यास आधारमान म्हणतात. उपग्रहमाला डब्ल्यूजीएस-८४ हे आधारमान वापरते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे मात्र एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आधारमानावर काढलेले आहेत. एकाच जागेच्या या दोन मापनांत शंभर मीटरहून अधिक तफावत पडू शकते. सन २००५ च्या नकाशा-धोरणानंतर सामान्य जनतेसाठी काढलेली मुक्त नकाशांची मालिका डब्ल्यूजीएस-८४ वरच आहे. नकाशाच्या समासात आधारमान कोणते ते पाहावे आणि यंत्रातही तेच निवडावे. मैदानात शंभर मीटर म्हणजे एक शेत. कड्याच्या माथ्यावर शंभर मीटर म्हणजे पायवाट व पोकळी यांतील अंतर.

५. बाण म्हणजे वाट नव्हे

अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडावर खिरेश्वराकडून तोलार खिंडीमार्गे चढून गेले, की सारख्याच दिसणाऱ्या टेकड्यांचे विस्तीर्ण पठार लागते. पावसाळ्यात दाट धुके उतरले म्हणजे चार पावलांपुढचे दिसत नाही, आणि अनुभवी माणूसही तेथे वाट चुकतो. धुक्याने उपग्रहाचे संदेश अडत नाहीत. म्हणून ग्राहीचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो.

परंतु त्याच गडाच्या पश्चिमेस कोकणकडा आहे. त्याच्या माथ्यावर उभे राहून तळाच्या बेलपाडा गावाचे स्थान यंत्रात निवडले, तर बाण सरळ कड्याच्या पोकळीकडे वळेल आणि अंतरही थोडेच दाखवील. बाण खोटे सांगत नाही. गाव त्याच दिशेस आहे. वाट मात्र त्या दिशेस नाही. दोन बिंदूंमधील रेषा यंत्रास ठाऊक असते. त्या रेषेखालची जमीन समोच्च रेषा दाखविणाऱ्या नकाशावरूनच कळते. म्हणून केवळ बाण दाखविणाऱ्या यंत्रापेक्षा ज्याच्या पडद्यावर समोच्च रेषांचा नकाशा उमटतो ते यंत्र पसंत करावे, आणि कागदी नकाशा बरोबर असावाच.

ज्यास या रीतीचा सराव नाही, त्याने मागोव्याचा आश्रय घ्यावा. गावातून निघतानाच तो चालू केला, तर परतीची वाट ज्या पावलांनी आलो त्याच पावलांची असते. ती कड्यावरून जात नाही. निघण्यापूर्वी मोकळ्या जागी यंत्र काही मिनिटे स्थिर ठेवावे. दिल्लीत बंद केलेले यंत्र महिन्यांनी सह्याद्रीत उघडले, तर उपग्रहांचा नवा ठावठिकाणा घेण्यास त्यास वेळ लागतो. सर्व उपग्रहांची संपूर्ण यादी आकाशातून उतरण्यास साडेबारा मिनिटे लागतात.

६. एक सावधगिरी

काही यंत्रे स्थान ऐकण्याबरोबरच उपग्रहामार्फत संदेश पाठवूही शकतात. संकटात ती मोलाची खरी. परंतु भारतात दूरसंचार विभागाच्या पूर्वपरवानगीवाचून ती बाळगता वा वापरता येत नाहीत. परदेशातून अशी यंत्रे आणलेले प्रवासी विमानतळावर अडविले गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून परदेशस्थ आप्ताकडून भेटीदाखल यंत्र मागविताना ते केवळ ऐकणारे आहे की बोलणारेही, हे आधी विचारून घ्यावे.

सारांश, पहिले यंत्र साधे असावे : अनेक उपग्रहमाला ऐकणारे, कळांचे, सहज मिळणाऱ्या सेलांवर चालणारे, आणि नकाशा व होकायंत्र असलेले. महाग यंत्र अपरिचित राहण्यापेक्षा साधे यंत्र हातात मुरणे अधिक हिताचे. घराजवळच्या रस्त्यावर त्याच्या चुका ज्याने पाहून ठेविल्या, त्यास धुक्यातल्या पठारावर त्याचे खरे बोलणे ओळखता येते.

अभ्यासासाठी

१. शाळेच्या मैदानात एका जागी दहा मिनिटे उभे राहून दर मिनिटास अक्षांश-रेखांश लिहून घ्या. आकडे का हलतात?

२. तोच प्रयोग शाळेच्या उंच भिंतीलगत करा व दोन्ही नोंदींची तुलना करा.

३. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश अंश-कला-विकलांतून दशांशात आणा. कलांस ६० ने व विकलांस ३,६०० ने भागून अंशांत मिळवावे.