भेग कोठे थांबते?

हिरवा बांबू आडवा मोडू पाहिला तर सहजासहजी मोडत नाही. मात्र त्याच्या टोकाला कोयता लावून ठोकला, की तो उभा चिरत जातो. बांबूचा हा स्वभाव माणसाने घडविलेल्या कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थातही उतरला आहे.

कार्बनचा एक तंतू सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो. असे असंख्य तंतू राळेत बसवून थरांवर थर रचले जातात. पोलादाहून कितीतरी हलका, पण बळकट असा पदार्थ त्यातून मिळतो. इंग्लंडमधील रोल्स-रॉईस कंपनीने आरबी-२११ या विमान-इंजिनाच्या पंख्याची पाती या पदार्थाची केली होती. उडत्या विमानावर पक्षी आदळतात. म्हणून १९७० मध्ये फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी डागून पात्यांची परीक्षा घेण्यात आली. पाती फुटली. कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. इंजिनाच्या वाढत्या खर्चाने वाकलेली ती कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. पात्यांत बळ होते, चिवटपणा नव्हता.

त्या काळी अशा पदार्थांत बहुधा इपॉक्सी राळ वापरीत. भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही, तशी ही राळ एकदा घट्ट झाली की वितळत नाही. तिच्या रेणूंचे जाळे पक्के बांधलेले असते. ताण आला तरी त्यांना सरकायला जागा नसते आणि भेग दोन थरांमधून धावत सुटते. याउलट थर्मोप्लास्टिकचे रेणू गुंतलेल्या, पण गाठी न मारलेल्या दोऱ्यांसारखे असतात. भेगेच्या टोकाशी ते ताणले जातात, सरकतात आणि त्यातच भेगेची ऊर्जा खर्ची पडते. इंग्लंडमध्येच १९७८ साली तयार झालेले ‘पीक’ (शेतातल्या पिकाशी याचा संबंध नाही) हे असेच एक प्लास्टिक. जुन्या ठिसूळ इपॉक्सीचे थर विलग करण्यास दर चौरस मीटरला २०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरत असे. ‘पीक’च्या बाबतीत ती हजाराच्या पुढे जाते.

तथापि केवळ प्लास्टिक बदलून भागत नाही. त्याने तंतूला घट्ट धरले पाहिजे. इपॉक्सीसाठी तंतूंवर दिलेला लेप येथे निरुपयोगी ठरतो, कारण ‘पीक’ ३४३ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याहून अधिक उष्णतेत तो लेप टिकत नाही. मग प्रश्न उरतो थंड करण्याचा. सावकाश थंड केले तर स्फटिक अधिक बनतात, ताठपणा वाढतो, पण चिवटपणा घटतो. झटपट थंड केले तर चिवटपणा मिळतो, ताठपणा थोडा जातो. कोणता भाग किती आघात सोसणार आहे, हे पाहूनच कारागिराला साच्याच्या थंड होण्याचा वेग ठरवावा लागतो.