कोयत्याचे पोलाद : चांगले कोणते, हे ठरवायचे कसे?



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्याकडे एक विचारणा हटकून येते. "साहेब, कोयता कशाचा घ्यावा? ट्रकच्या कमानपाट्याचा, की दुकानातला तयार?" यंदा आम्ही नीट उत्तर द्यायचे ठरवून बसलो, आणि खरे सांगायचे तर उत्तरापेक्षा प्रश्नच अवघड निघाला.

कोयता तोडणाऱ्याचा असला तरी नुकसान आपले असते. धार बोथट झाली की हात आपोआप वर जातो आणि बुडखा रानात राहतो. आठ फुटी उसाचे दोन इंच राहिले तर सुमारे दोन टक्के गेले. एकरी ४० टन धरले तर आठशे किलोच्या वर. शिवाय बुडाचे कांडे सर्वांत जाड आणि सर्वांत गोड, म्हणजे खरा तोटा याहूनही जास्त. बोथट कोयत्याने खुंट चिरतो, पिचतो, आणि खोडव्याची फूट बिघडते ती वेगळीच.

आमची फजिती आधी सांगतो. आम्ही दोन कोयते एकाच फडात दिले, एक कमानपाट्याचा, एक दुकानातला. दुपारपर्यंत सगळ्यांनी कमानपाट्याला कौल दिला. मागाहून लक्षात आले, की तो लोहाराने आदल्या दिवशीच पातळ घासून दिला होता. दुकानातला जाड धारेचा, जसाच्या तसा आणलेला. दोन्ही एकाच कानशीने, एकाच कोनात घासून पुन्हा दिले, तर तोडणाऱ्यांनाही निवड करता येईना. आम्ही पोलादाची नव्हे, घासणाऱ्याची परीक्षा घेतली होती!

पोलादाचा गुण दोन गोष्टींवर ठरतो. पहिली त्यातला कार्बन. साध्या माइल्ड लोखंडात तो पाव टक्क्याच्या आत, कमानपाट्यात अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, कानशीत एक टक्क्याच्या वर. दुसरी गोष्ट पाणी देणे. तांबडेलाल तापवून एकदम थंड केले की पोलाद कडक पण ठिसूळ होते. मग हलक्या आचेवर थोडे उतरवले की चिवट होते. एकच कमानपाटा दोन लोहारांना दिला तर दोन वेगळे कोयते येतात. म्हणून "कमानपाटा चांगला" म्हणणे अर्धवटच ठरते. ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड येथे १९७८ ते १९८० च्या दरम्यानच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची.

बाजारात चालणाऱ्या परीक्षाही फसव्या आहेत. कानस घासून पाहतात. ती सरकली तर पोलाद कडक, धरली तर मऊ. परंतु भट्टीत जास्त वेळ राहिलेल्या पात्याच्या वरच्या पापुद्र्यातला कार्बन जळून जातो, आणि चांगले पोलादही पहिल्या दिवशी मऊ भासते. दोनचार वेळा घासल्यावर तोच कोयता सुधारतो. याउलट मशीनवर धार लावताना पाते निळे पडले असेल तर धारेचे पाणी उतरले समजा. ठिणग्या पाहून कार्बन ओळखणारे जाणते लोहार आहेत, पण कमानपाट्यातल्या सिलिकॉनमुळे ठिणगीचा फुलोरा दबतो आणि तेही चकतात. रॉकवेल यंत्र १५० किलो भाराने हिऱ्याचे टोक दाबून कडकपणाचा आकडा देते. तो आकडा खराच, पण पातळ धारेवर तो घेता येत नाही, पाठीकडच्या जाड भागावर घ्यावा लागतो. आणि लोहार पाणी देतो फक्त धारेला.

शिवाय आपण चांगले कशाला म्हणतो? चटकन कापते ते, धार टिकते ते, की दगडावर बसले तरी तुटत नाही ते? या तिन्ही गोष्टी एकमेकींशी भांडतात. कडक केले तर धार टिकते पण टवका उडतो. मऊ ठेवले तर टवका उडत नाही, धार मुडपते. मुरमाड रानाला एक कोयता बरा, काळ्या भारी जमिनीला दुसरा.

इंग्लंडात शेफिल्डला सुऱ्या तपासायचे यंत्र आहे. ठराविक भाराने, ठराविक अंतर सुरी पुढेमागे फिरवून एका खास कागदाचे थर कापतात आणि किती कापले ते मोजतात. त्या कागदात पाच टक्के बारीक वाळू, म्हणजे सिलिका, मुद्दाम मिसळलेली असते, ती धार झिजवण्यासाठी. आपल्याला ती मिसळावी लागत नाही. ऊस जमिनीतून सिलिका भरपूर उचलतो आणि पाचटात, सालीत साठवतो. वर बुडाची माती. तरी ते यंत्र कोयत्याला पुरत नाही, कारण तिथे सुरी ओढली जाते आणि कोयत्याचा घाव बसतो.

तेव्हा उत्तम प्रयोगशाळा म्हणजे आपला फड. उसाच्या जातींची चाचणी घेताना आपण एक जात भारी जमिनीत आणि दुसरी चढावर लावत नाही. इंग्लंडातच रोथॅमस्टेडला फिशर यांनी १९२० च्या दशकात शेतीच्या प्रयोगांसाठी चिठ्ठ्या टाकून जागा ठरवण्याची रीत घालून दिली, तीच इथे लावायची. चार कोयते घ्या. वजन आणि मूठ शक्यतो सारखी. सर्वांना एकाच माणसाने, एकाच कानशीने, लाकडी पाचर धरून एकाच कोनात धार लावावी. कोणता कशाचा हे तोडणाऱ्याला सांगू नये, नाहीतर नावालाच मत पडते. प्रत्येकाने चारही कोयते आळीपाळीने वापरावेत. क्रम चिठ्ठीने काढावा, कारण सकाळचा ताजा हात आणि दुपारचा थकलेला हात एक नव्हे. पुन्हा घासायला मागेपर्यंत किती मोळ्या झाल्या ते लिहावे. दर दहावा खुंट फूटपट्टीने मोजावा. हे सारे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या रानात पुन्हा करावे. एका दिवसाच्या निकालावर आमचा भरवसा नाही, आमची फजिती वर वाचलीच आहे.

तोडणीच्या करारात नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. त्या जोडीचे दिवसाचे कित्येक घाव वाचले तर तिची मजुरीही वाढते, म्हणून चाचणीत तोडणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकावे.

ज्यांना ही चाचणी आपल्या फडात घ्यायची असेल त्यांनी गटाच्या चिटबॉयकडे नाव द्यावे. कानस, पाचर आणि नोंदवही शेतकी खाते देईल; कोयते मात्र आपापले आणावेत.