पत्ता आधी, अर्ज नंतर

मी मूळची अकोल्याची, बौद्ध. लग्नानंतर दिल्लीकडे आले आणि आता गाझियाबादला राहते. चार बायकांना सोबत घेऊन शाळेचे गणवेश शिवते. ओव्हरलॉक आणि काज-बटणाचं मशीन घ्यायचं होतं, म्हणून अल्पसंख्याकांसाठीच्या सरकारी कर्जाची चौकशी करत होते. तेवढ्यात एक मध्यस्थ भेटला. "बहनजी, माइनॉरिटी का लोन है, आधा तो माफ़ हो जाता है," असं सांगून त्याने कागद आणि 'फाइलचा खर्च' घेतला. सह्या झाल्यावर अर्जात परस्पर पत्ता लिहिला तो पूर्व दिल्लीतल्या एका भाड्याच्या खोलीचा. पडताळणीला माणूस तिथे गेला, तर घरमालक म्हणाला, "यहाँ इस नाम का कोई नहीं रहता." अर्ज फेटाळला गेला. मध्यस्थाचा फोन बंद. दुकानदाराच्या कोटेशनची मुदत संपली आणि नव्या सत्राच्या गणवेशाचं काम दुसरीकडे गेलं.

माझ्यासारखी वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून हे सांगते आहे.

पहिली गोष्ट पत्त्याची. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ साली स्थापन झालं. त्याचं कार्यालय दिल्लीत लक्ष्मीनगरच्या स्कोप मिनारमध्ये आहे. पण ते आपल्याला थेट कर्ज देत नाही. पैसा प्रामुख्याने राज्यांच्या महामंडळांमार्फत येतो. इथे तर मेट्रोच्या दोन-चार स्टेशनांत राज्य बदलतं. दिल्लीत राहणाऱ्याने दिल्लीच्या, नोएडा-गाझियाबादवाल्याने उत्तर प्रदेशच्या आणि गुरुग्राम-फरीदाबादवाल्याने हरियाणाच्या यंत्रणेकडे जायचं. आधार, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला एकाच पत्त्याचे आहेत ना, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट दर्जाची. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि पारशी यांना केंद्राने १९९३ साली अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं, जैनांना २०१४ साली. हा दर्जा राज्य बदललं तरी जात नाही. जातीच्या दाखल्याचं मात्र तसं नाही. महाराष्ट्राच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याची सवलत सहसा मिळत नाही. आपल्या बौद्ध कुटुंबांची इथे हमखास गल्लत होते.

तिसरी गोष्ट पैशाची. हे कर्ज आहे, अनुदान नव्हे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल, तर मुदत कर्ज ६ टक्क्यांनी मिळू शकतं. ८ लाखांपर्यंतच्या दुसऱ्या गटात बायकांना ६ आणि पुरुषांना ८ टक्के व्याज असतं. नियम बदलतात, म्हणून चालू दर कार्यालयातच विचारून घ्या. जामीनदार कसा लागतो तेही पहिल्याच दिवशी विचारा, कारण परगावी आलेल्या माणसाचं घोडं तिथेच अडतं.

जामीनदार मिळत नसेल तर हात टेकू नका. 'अल्पसंख्याक' हा शब्द नसलेल्या योजनाही आपल्याच आहेत. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. त्यात तारण न ठेवता आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्क्यांनी मिळतं. मुद्रा योजनाही आहेच.

अर्ज स्वतः भरा, निदान सही करण्याआधी ओळ न ओळ वाचून घ्या. हिंदी-इंग्रजी जमत नसेल तर शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला बसवा. प्रत जवळ ठेवा, पोच घ्या, पैसे भरले तर पावती मागा. अर्जाचं पुढे काही कळेनासं झालं, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विचारता येतं.

आणि कर्ज मिळालं की हप्ता चुकवू नका. 'माफ होतं' म्हणणाऱ्याला उभंच करू नका. आपण फेडलेल्या पैशातूनच पुढच्या बाईचं कर्ज मंजूर होतं. वसुली थकली की राज्याच्या महामंडळाचा हात आखडतो आणि झळ आपल्याच माणसांना बसते. हक्काने मागा, हिशेबाने फेडा आणि शिकलात ते आणखी एका घराला शिकवा.